तळाशेजारचं शेत

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं नेल्डा! बोल की… हो, मीच, मर्टिस. माझ्या घरात आणखी कोण उचलणार फोन? नवरा आहे विलार्ड, पण त्याला दारावरची थापसुद्धा ऐकू येत नाही… अगं हळू. जरा हळू बोल. काय केलं मी?

… कुणी सांगितलं? ट्रेंटनं?… वाटलंच मला. तुझा जावई काल सभेतून पाय आपटत निघाला, तेव्हाच म्हटलं, हा आता सासूला फोन लावणार.

… नाही. नाही विकलं… अगं ऐक ना… पप्पांचं शेत दोघींच्या नावावर आहे. तुझ्या सहीशिवाय त्यातलं ढेकूळसुद्धा मला कुणाला देता येत नाही, हे काय मला कळत नाही?… काय म्हणाला? 'मावशीनं शेत लष्कराच्या घशात घातलं'? असं म्हणाला?… कमाल आहे हं त्या पोराची. अजून माझ्या हातचा केक त्याच्या पोटात जिरला नसेल, आणि…

थांब. एक मिनिट. येतंय एक…

…

हं. गेलं. बोल… अगं हेलिकॉप्टर, दुसरं काय! बर्मिंगहॅमला राहून विसरलीस वाटतं. दुपार झाली की लष्कराच्या तळावरच्या शिकाऊ वैमानिक पोरांची रांग लागते. एक गेलं की दुसरं हजर. खिडकीतल्या बरण्या अजून तशाच नाचतात, आई असताना नाचायच्या तशा.

… सांगते ना. पहिल्यापासून सांगते. पण मध्ये तोडायचं नाही… बघ, तोडलंसच! मी शेंगा सोलतेय, फोन खांद्यावर आहे, मान अवघडलीय. तेव्हा गप ऐक.

… हो, मीच विरोधात होते. नाही कोण म्हणतंय? दोन वर्षं भांडले. ट्रकच्या मागे फलक लावून अख्ख्या टॅलमन गावात फिरले, 'माझं शेत, माझी मर्जी'. का नाही फिरणार? काउंटीचं सरकार म्हणे, लष्कराच्या तळाभोवती कुठल्या जमिनीवर काय बांधायचं याचा आराखडा करायचाय. इथं घरं नकोत, तिथं दवाखाना नको, उंच मनोरा नको, झगझगीत दिवे नकोत. म्हटलं, मग करू काय त्या जमिनीचं, बघत बसू?… हो, तेव्हा ट्रेंट आणि मी एकाच बाजूला होतो. त्याचा धंदाच घरं बांधायचा; म्हणायचा, मावशी, तुमच्या शेतावर छान वस्ती उभी करू, रस्त्याला पप्पांचं नाव देऊ. मी म्हटलं, दे बाबा.

… मग काय झालं तेच तर सांगतेय!

मार्चमध्ये एक दिवस कर्नलबाई आली दारात… बाईच. व्हिटिंग तिचं नाव. आता तळाची मुख्य तीच आहे. पायरीवर उभी, टोपी काखेत. म्हणाली, तुमच्या शेताबद्दल बोलायचंय. मी म्हटलं, बोलू, अवश्य बोलू. पण आधी आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गात तासभर बसून या, मग मला शेतात काय करायचं ते शिकवा… अगं, ब्याद टळावी म्हणून! मला काय माहीत ती खरंच जाईल?

… गेली ना! दुसऱ्याच दिवशी. मग मलाही जाणं भाग होतं. मिसेस ओडमचा वर्ग गं. तीच, आपल्या चर्चमध्ये पियानो वाजवते ती. कर्नलबाई त्या एवढ्याशा खुर्चीवर बसली, गुडघे हनुवटीला. एक पोरगी उभी राहून धडा वाचत होती, कुठल्याशा बेडकाचा. तेवढ्यात वरून हेलिकॉप्टर आलं. पोरीनं काय करावं? शब्दावर बोट ठेवलं आणि थांबली. तोंड तसंच उघडं. मिसेस ओडमचा हात फळ्यावर तसाच. सगळा वर्ग थांबला. गेलं, की पुढचा शब्द. परत आलं, परत बोट.

… हो, आपल्या वेळी एवढी नव्हती. आता तळावर पोरं दुप्पट आलीत, आणि यायचा रस्ता बरोबर शाळेच्या कौलावरून… अगं पण खरी गोष्ट पुढेच आहे. तासाच्या मधेच ढग खाली उतरले. तळावरचं उडणं बंद. सगळं शांत. पोरगी वाचतेय, वाचतेय… आणि थांबली. बोट शब्दावर. वर काही नाही, नेल्डा. चिमणीसुद्धा नाही. आणि वर्गातली सगळी पोरं गप्प, छताकडे बघतायत. कर्नलबाईनं हळूच विचारलं, काय झालं? मिसेस ओडम म्हणाली, काही नाही. यायची वेळ झाली की थांबतात ती. सवय झालीय.

… हो.

… हो ना. मीही छताकडे बघायला लागले होते.

बाहेर आलो. मला वाटलं, आता ही सारवासारव करणार, देशाचं रक्षण वगैरे. तर गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली नुसती. मग म्हणाली, 'मी इतकी वर्षं वरून उडतेय. खाली कुणाचं वाक्य तुटतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.'… तसंच्या तसं सांगतेय, पदरचं एक अक्षर नाही.

… अगं, तिनं गोड बोलून गुंडाळलं म्हणतेस? मला? मी शाळेची बस चालवलीय आयुष्यभर, मला गुंडाळायला कर्नल पुरत नाही… मग ऐक. ती पुढे म्हणाली, 'तुम्ही मला तुमची खुर्ची दाखवलीत. आता माझ्या खुर्चीवर या.' आणि नेलं मला तळावरच्या मनोऱ्यावर. अगं पायऱ्या काय, गुडघ्यांचा भुगा झाला. वर पोचले तेव्हा माझ्या तोंडून प्रार्थना निघत होती, भक्तीची नव्हे, दम लागल्याची.

… काय दिसतं? सगळं दिसतं! आपलं चर्च, शाळा, मोजे विणायची जुनी गिरणी, पाण्याची टाकी. आणि नव्या वस्त्या, नेल्डा. इतक्या झाल्यात हे खालून कळतच नाही. हायवेकडून एक, ओढ्याकडून एक, अशा तळाकडे सरकत आल्यात. आणि मधे एवढाच एक हिरवा तुकडा मोकळा. मी विचारलं, हे कुणाचं?… हसू नकोस. खरंच ओळखलं नाही. आपलंच शेत! पन्नास वर्षं त्यात वाकतेय मी, पण वरून कधी बघितलंय?

एक शिकाऊ पोर तेव्हा सराव करत होतं. इंजिन बंद पडलं तर काय करायचं, त्याचा. मुद्दाम जोर काढून घेतात आणि खाली सोडतात गं! दगडासारखं येतं. मग जमिनीजवळ आलं की सावरतात. मी कठडाच धरला. कर्नलबाई म्हणाली, उडताना प्रत्येक क्षणी त्यांना एकच प्रश्न पडलेला असतो, आत्ता बंद पडलं तर उतरू कुठे? आणि या बाजूनं येताना सगळी पोरं त्या हिरव्या तुकड्याकडे बघतात. म्हणाली, 'त्यांनी त्याला नाव ठेवलंय. गादी.'

… गादी. झोपायची गादी, हो. आपल्या शेताला.

… नाही, अजून तरी कधी उतरायची वेळ आली नाही, देवाची कृपा. पण तिथं ट्रेंटची घरं असती, अंगणात पाळणे टांगलेले असते, आणि वेळ आली असती तर?… तेच. तेच मी रात्रभर म्हणत होते स्वतःला. सकाळी उठले आणि ट्रकवरचा फलक काढला.

… नाही गं, लगेच नाही सगळं मान्य केलं. मी काय एवढी भोळी? मी तिला म्हटलं, तुमच्या पोरांना गादी हवी, आमच्या पोरांना वाक्य पुरं करायला हवं. दोन्ही होत असेल तर बोला. नुसती आमचीच मर्जी मोडायची असेल तर फलक परत लावते.

मग उन्हाळाभर बसलो. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये, काउंटीची ती नियोजनवाली रोझलिन, कर्नलबाई, शेतकरी, घरं बांधणारे, सगळे. अगं काय आरडाओरडा! एकदा तर कुणीतरी उकडलेल्या शेंगांचं पातेलंच उलटवलं. रोझलिन बिचारी नकाशे पसरते, कुठं आवाज जास्त, कुठं धोका जास्त, कुठं किती उंच बांधलं तर चालेल. लोक म्हणतात, रंग कमी दाखव, काम जास्त दाखव. एकदा बाथरूममध्ये जाऊन रडली ती. मी बघितलं. पण परत आली आणि नकाशा परत पसरला. तेव्हापासून मी तिच्यासाठी डब्यात केक नेते.

थांब… येतंय…

…

हं. तर ठरलं असं. हेलिकॉप्टरांनी शाळेवरून यायचंच नाही. ओढ्यावरून यायचं, पाइनच्या रानावरून वळायचं, आणि आपल्या शेतावरून तळात शिरायचं… हो, आपल्याच. दुसरी वाट नाही, बाकी सगळीकडे घरं झालीत. म्हणून तर आपलं शेत मोकळं राहायला हवं. आपण घरं बांधली, की वाट परत शाळेवरून.

… अगं, शेत आपलंच राहणार! किती वेळा सांगू? भुईमूग पेरा, कापूस पेरा, गुरं चारा. गोदाम बांधलंत तरी चालेल. फक्त वस्ती करायचा हक्क सोडायचा. त्या हक्काचा मोबदला लष्कर देतंय, फुकट नाही मागत… पुरेसा आहे. ट्रेंटच्या वस्तीतून आला असता तेवढा नाही, हे खरं. खोटं कशाला बोलू?

… कायमचं. हो. कायमचं म्हणजे कायमचं. तुझ्या नातवंडांनाही नाही बांधता येणार.

… कळतंय मला, नेल्डा. म्हणून तर तुझी सही लागते. काल मी सभेत एवढंच म्हटलं, माझ्या वाटणीचं 'हो' आहे, माझ्या बहिणीचं तिनं स्वतः सांगायचं. तुझ्या वतीनं एक शब्द बोलले नाही. विचार कुणालाही.

… ट्रेंट काय बोलला? ट्रेंट उठला आणि म्हणाला, गावात घरं नाहीत म्हणून तरुण पोरं निघून चाललीत, शाळेत मुलं उरणार नाहीत, मग कुणाची वाक्यं वाचवताय? आणि नेल्डा, सांगू का, ते खोटं नव्हतं. माझ्याकडे सगळे बघायला लागले. मागून कुणीतरी टोमणाही मारला, मर्टिस, तुझा फलक कुठं गेला? म्हटलं, कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकलाय, त्यांचीही मर्जी असते. हसले लोक. मग मी म्हटलं, ट्रेंटचं बरोबर आहे. घरं हवीतच. पण जिथं रात्री आई बाळाला झोपवू शकेल, अशा जागी हवीत. मोज्यांची गिरणी बंद पडून किती वर्षं झाली? तिचं मैदान उत्तरेला आहे, तिकडे काही उडत नाही, शाळा चालत जाण्यासारखी. काउंटीनं तिथवर पाणी आणि गटार न्यावं, आणि तिथं घरं बांधणाऱ्याला आधी परवानगी द्यावी. रोझलिननं ते नकाशात आधीच धरलं होतं. कुणी शेवटच्या पानापर्यंत गेलंच नव्हतं!

… आराखडा झाला ना पास. हात वर करून. दोघं-तिघं सोडून सगळ्यांनी. आणि ट्रेंट निघून गेला… हो, त्याचे नकाशे वाया गेले, राग येणारच. मी त्याच्या जागी असते तर मीही आपटले असते पाय.

… अजून एक आहे. सांगणार होते. तू आधी बस… बसलीस?

झाडं.

… बांधावरची पेकनची. दोन. नवीन वाटेच्या आड येतात, फार उंच झालीत… नेल्डा… नेल्डा, अगं ऐक… नाही गं, सगळी नाही. आधी पाचही म्हणत होते. मी कर्नलबाईला बांधावर उभं केलं, एकेक झाड दाखवलं. ती दोन वेळा वाट बदलून आली. दोन झाडांपेक्षा कमी काही होईना. विहिरीजवळची तिन्ही राहतात.

… हो. तोडायच्या दोनांतलं एक तेच. तुझं लग्न झालं होतं त्याच्या खाली, ते.

…

… रड. रड तू. मी आहे इकडे.

… मी पण रडले. कर्नलबाईसमोर रडले, लाज सोडून. ती म्हणाली नाही की समजतं मला वगैरे. खिशातला रुमाल दिला आणि तोंड फिरवून उभी राहिली. मग म्हणाली, या वर्षीचं फळ पडेपर्यंत हात लावणार नाही कुणी, हा माझा शब्द. नवीन वाटही तेव्हापासूनच.

… हो, नोव्हेंबर. या वर्षी इतकं लागलंय नेल्डा, फांद्या खाली आल्यात.

… लाकूड आपलंच. विलार्ड म्हणतोय, त्या झाडाचं टेबल करू. मी म्हटलं, ते नेल्डा ठरवेल… काय?… पाळणा? कुणासाठी पाळणा?

… नाही! तुझ्या शेल्बीला? ट्रेंट बाप होणार? अगं कधी कळलं?… आणि मला आता सांगतेस? एवढा वेळ माझ्यावर ओरडत होतीस आणि पोटात ही गोष्ट! आजी होणारेस तू!… विलार्ड! विलार्ड, शेल्बीला बाळ होणार!… बाळ! बा-ळ!… हात वर करून नाचतोय येडा.

… अगं बाई. म्हणजे म्हणून तर नाही?… थांब, मला आता लक्षात येतंय. सकाळी मी कोंबड्यांचं खाद्य आणायला गेले ना, तर गिरणीच्या मैदानात ट्रेंटचा ट्रक. हो, तुझाच जावई! गवत कमरेएवढं, त्यात हा फीत धरून एकटाच मोजतोय. मी थांबवला ट्रक. माझ्याकडे बघेना. मग फीत गुंडाळत म्हणाला, 'मावशी, इथं पाणी कधी आणणार म्हणतात?' मी म्हटलं, वसंतापर्यंत. तर म्हणाला, कोपऱ्यातला प्लॉट चांगला आहे, सकाळचं ऊन येतं. मी म्हटलं, कुणासाठी रे? तर कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, 'आहे एक गिऱ्हाईक.'

… गिऱ्हाईक! अगं तोच! शेल्बीला घेऊन इथंच राहायचा विचार दिसतोय त्याचा… मला कसं माहीत असेल, तू मला बाळाचंच सांगितलं नव्हतंस! टोमॅटोचं सँडविच दिलं मी त्याला. खाल्लं. रागावलेला माणूस असं चाटूनपुसून खात नाही.

… म्हणजे ते पोर इथल्याच शाळेत जाईल, नेल्डा. मिसेस ओडम तोवर असली तर तिच्याच वर्गात.

…

… हॅलो? आहेस ना?… मला वाटलं कट झाला.

… नाही, घाई नाही. विचार कर. सही आज नकोय. हवं तर इथं ये, मनोऱ्यावर चढ, शाळेत बस, मग ठरव. नाही म्हणालीस तरी माझी बहीणच राहशील. शेंगा कमी पाठवीन, एवढंच.

… काय म्हणालीस?

… पुन्हा म्हण… नाही, आलं ऐकू, नीट आलं. तरी पुन्हा म्हण.

… सही करणार! अगं माझी बाई ती!

… हो. हो, सांगते कर्नलबाईला, दोन झाडांचं लाकूड नेल्डाचं, आणि फळ पडल्यावर पहिली टोपली नेल्डाच वेचणार. तिलाही बोलावू वेचायला? कंबर मोडू दे तिचीही… ये. आदल्या दिवशीच ये. शेल्बीला आण. ट्रेंटला सांग, मावशीनं केक केलाय, आणि मावशीला कुठल्याही गिऱ्हाइकाबद्दल काहीही माहीत नाही.

… बरं, आता ठेव. मला रोझलिनला फोन करायचाय, ऑफिस बंद व्हायच्या आत. त्या मोठ्या नकाशावर सगळे चौकोन रंगवून झालेत तिचे, फक्त आपल्या शेतावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून बसलीय. खोडू दे बाईला… हो, हिरवा. मोकळ्या शेताला हिरवाच रंग आहे… ठेव. तू ठेव आधी… नाही, तू… बरं, मी ठेवते. ठेवते हं, नेल्डा.